थांबल्याबद्दल आभार

३ फेब्रुवारी

खारू,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस तर न उघडता फेकू नकोस. मी बरी आहे. गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे. अकरा वर्षांनी आईचं पत्र आलं म्हणजे काहीतरी बिनसलंय असं तुला वाटेल, तसं काही नाही. मला तुझ्याकडून काही नको. उत्तरही नको.

झालं असं की तुझ्या लेकीचं कार्ड आलं. तुला ठाऊक आहे की नाही, कोण जाणे, पण मी तिला दर हिवाळ्यात हातमोजे विणून पाठवते. सूनबाई दरवर्षी पोरीचा पंजा कागदावर ठेवते, पेन्सिलीने कडा काढते आणि तो कागद पाठवते. एक अक्षर लिहीत नाही. लिहिलं तरी मला कुठे कळणार? असे सहा पंजे माझ्या कपाटात आहेत, पहिला तर पुरीच्या आकाराचाही नाही. तुला न सांगता करत असेल तर तिच्यावर डाफरू नकोस. तिने चोरून केलं असेल, पण चोरी चांगल्या घरी केली.

तर या वेळी पंज्याऐवजी कार्ड आलं. वर लाल हातमोज्यांचं चित्र, खाली पेन्सिलीने तीन ओळी. अक्षर तुझ्यासारखंच, रांगेतून निसटणारं. मी ते घेऊन खाली दातांच्या दवाखान्यात गेले. तुझ्या वेळी तिथे शिलाई मशीनचं दुकान होतं. आता ज्या डॉक्टरीणबाई आहेत, त्या तुमच्या तिकडे स्वीडनला चार वर्षं शिकायला होत्या. त्यांनी चष्मा वर केला आणि वाचून दाखवलं: "हेय फारमोर. टाक फोर वान्तार्ना. दोम एर रोदा."

फारमोर म्हणजे काय, मी विचारलं, एक मोर पुरे नाही का? त्या हसल्या. "काकू, फार म्हणजे बाप, मोर म्हणजे आई. बापाची आई. तुम्हीच." मग उरलेलं सांगितलं: हातमोज्यांबद्दल आभार. ते लाल आहेत.

ते लाल आहेत, म्हणे! जसं काही मी डोळे मिटून विणले. पण जिने चढताना मी ते चार वेळा म्हटलं. दोम एर रोदा. आणि दाराशी आल्यावर ठरवलं की ही भाषा शिकायची. पोरीने मला हाक मारली आणि मला ओ देता येऊ नये, हे बरं नव्हे.

व्याकरण मला पहिल्यापासून आवडतं, हे तुला शाळेत असताना पुरेसं भोगावं लागलंय.

आई


१९ फेब्रुवारी

खारू,

उत्तर नको म्हटलं होतं, ते तू मनावर घेतलंस. आज्ञाधारक मुलगा.

मंगळवार आणि शुक्रवार, सहा ते सात, माझी शिकवणी असते. त्याआधीचे दोन तास मी दवाखान्याचे फोन घेते. फुकटची विद्या अंगी लागत नाही. दुखऱ्या दाताचा माणूस फोनवर कसा बोलतो ते मला आता पाठ झालंय, एका गालाने.

आम्ही बसतो त्या टेबलावर प्लास्टरचा एक जबडा असतो. डॉक्टरीणबाई मला उच्चार शिकवताना त्याच्याकडे बोट करतात. "जीभ इथे, काकू. ओठ पुढे. अजून पुढे. फुंकर घालताय तसे." तेवढ्यात माझी वरची दाढ हलतेय हेही त्यांना दिसलं. भाषा शिकायला जावं आणि दाढ गमावून यावं.

मी त्यांना सांगितलं, मला बाकी काही नको, रोजची सभ्य बोलणी शिकवा. या, बसा, घ्या, माफ करा. माणूस परक्याच्या घरी तेवढ्यावर निभावून नेतो. तर पहिल्याच दिवशी त्यांनी मला धक्का दिला. त्यांच्याकडे 'कृपया'ला सरळ असा शब्दच नाही! मी आयुष्यभर हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डवर बसले, एकतीस वर्षांत 'कृपया' किती लाख वेळा म्हटलं असेल, आणि तिकडचं एक आख्खं जग त्याच्याशिवाय चाललंय. ते काय करतात, तर हवं ते सांगतात आणि शेवटी 'टाक' म्हणतात. एक कॉफी, टाक. म्हणजे आभार. वस्तू हातात पडायच्या आधीच आभार मानून मोकळे. मग समोरचा नाही कसा म्हणेल? मला ही युक्ती आवडली. साधी आहे आणि लबाडही आहे.

आणि देणारा काय म्हणतो? 'वाशोगूद.' मी त्याची फोड करून मागितली. वार म्हणजे हो, सो म्हणजे इतका, गूद म्हणजे चांगला. इतका चांगला हो. चहाचा कप पुढे करताना म्हणायचं, इतका चांगला हो! मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, आमच्या घरी मी ताट पुढे करताना काय म्हणायचे माहितेय? "घ्या, गिळा."

हसण्यावारी नेलं, पण मग विचार करत बसले. आपल्या घरी कोणी कोणाचे आभार मानलेच नाहीत रे. तुझ्या बाबांना काही आवडलं की ते दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे, झाले आभार. तू परीक्षेत पहिला आलास तेव्हा मी म्हटलं होतं, "बरं, चप्पल नीट ठेव." घरच्या माणसाला 'धन्यवाद' म्हटलं की तो दचकून विचारायचा, का गं, काय झालं?

बाहेर मात्र मी साखरेत घोळलेली. मी निवृत्त झाले तेव्हा बोर्ड काढून यंत्र बसवलं, ठाऊक आहे? पण त्यात आवाज माझाच घातलाय. मला खोलीत बसवून चार वेळा बोलून घेतलं. परवा दवाखान्यातून एका पेशंटसाठी हॉस्पिटलला फोन लावला, तर पलीकडून मीच. "नमस्कार. कृपया थांबा. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." मी चक्क "बरं" म्हणाले आणि थांबले. खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

आई


११ मार्च

खारू,

आज कळलं की तुझी लेक मला 'दू' म्हणणार. म्हणजे तू. पंतप्रधानापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना तिकडे दूच. तुम्ही नाही, आपण नाही. मी जरा नाराज झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही तुमच्या आईला काय म्हणायचात?" मी म्हटलं, अगं आई. "मग?" मग काय, वहीत दू लिहून घेतलं.

पण दू म्हणत असले तरी अंगावर येत नाहीत हं. त्यांची सभ्यता सर्वनामात नाही, क्रियापदात आहे. कोणाला काही करायला सांगायचं असलं की 'स्कुले दू कुना'. नीट लावायचं तर, तू करू शकला असतास का. खिडकी उघड म्हणायचं नाही, उघडशील का म्हणायचं नाही, तू उघडू शकला असतास का! खिडकी समोर, माणूस समोर, आणि बोलणं असं की सगळं मनातल्या मनात चाललंय. मी विचारलं, एवढं लांबून कशाला? तर त्या म्हणाल्या, "समोरच्याला नाही म्हणायला जागा राहावी म्हणून."

हे मला पटलं. बोर्डवर आमचाही एक नियम होता, तोही जागेचाच. एखाद्याला लाईनवर थांबवलं की त्याला अंधारात ठेवायचं नाही. दर अर्ध्या मिनिटाने परत यायचं आणि विचारायचं, "आपण लाईनवर आहात ना?" मग म्हणायचं, "थांबल्याबद्दल आभार." म्हणजे त्याला कळतं की पलीकडे माणूस आहे, आणि नको असेल तर तो फोन ठेवू शकतो. मी आठ मुलींना हे शिकवलं. एकीला तर रडवलं होतं, कारण तिने एका म्हातारबुवांना तीन मिनिटं तसंच सोडलं.

तीन मिनिटं.

आज इथेच थांबते. दिवसभर मान खाली घालून विणत होते, मान आखडलीय. या वर्षीचा पंजा अजून आला नाही. सूनबाईला सांगशील का, म्हणजे सांगू शकला असतास का? बघ, जमतंय मला.

आई


२८ मार्च

खारू,

पंजा आला, आणि चांगलाच वाढलाय. करंगळी वाकडी आलीय. ती खरंच वाकडी आहे की पेन्सिल घसरली? तुझ्या बाबांची वाकडी होती, म्हणून विचारते.

परवाच्या धड्यात एक विचित्र चीज निघाली. 'टाक फोर सेनास्त.' डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोणाच्या घरी आपण जाऊन आलो, की पुढच्या वेळी ती माणसं भेटतील तेव्हा आधी हे म्हणायचं. मागच्या वेळेबद्दल आभार. मधे दिवस जाओत की महिने, नव्या भेटीचं बोलणं सुरू करायच्या आधी जुन्या भेटीला हात जोडायचे. 'सेनास्त' म्हणजे अगदी अलीकडचं, सगळ्यात शेवटचं.

"काकू, वाक्यात वापरून दाखवा," त्या म्हणाल्या. "समजा, मुलगा भेटला."

मला वापरता येईना. त्यांना वाटलं, उच्चार अडतोय. त्यांनी ओठ पुढे काढून दाखवले.

आपलं सेनास्त काय होतं, खारू? बाबा गेल्यावर नवव्या दिवशी तू आलास आणि चार दिवस राहिलास. चार दिवस आपण दोघं हॉटेलात भेटल्यासारखे वागलो. मी म्हणायचे, "चहा ठेवू का?" तू म्हणायचास, "चालेल, तुला त्रास नसेल तर." त्रास! याच घरात तू ओट्यावर बसून दुधाचं पातेलं तोंडाला लावायचास. शेवटच्या दिवशी दारात बुटाची नाडी बांधताना तू मला एक प्रश्न विचारलास. मी उत्तर दिलं. तू मान हलवलीस, बॅग उचललीस आणि म्हणालास, "थँक्यू आई. सगळ्याबद्दल."

ते थँक्यू मी अकरा वर्षं गिळतेय, अजून उतरत नाही.

मी तुला खोटं उत्तर दिलं होतं. पुढचं आज लिहवत नाही. लिहीन. मला थोडं थांबू दे.

आई


२ एप्रिल

खारू,

आता एका दमात लिहिते, मधे काही विचारू नकोस.

त्या दुपारी पावणेतीनला बोर्डवर नऊ नंबरचा दिवा लागला. मी कळ दाबून म्हटलं, "नमस्कार." पलीकडून तू म्हणालास, "नमस्कार मॅडम. पाच नंबरच्या वॉर्डात जोडून देता का, प्लीज?"

मी तुला ओळखणार नाही का रे? मी लोकांना नुसत्या खोकण्यावरून ओळखायचे. आणि तू तर माझा.

पण मला तेव्हा काय दिसत होतं? तुझे बाबा सहा आठवडे पाचव्या वॉर्डात पडून होते. तीनदा तू कळवलं होतंस, पुढच्या महिन्यात येतो. ते रोज संध्याकाळी विचारायचे, खारूचा फोन? मी रोज सांगायचे, कामात असेल. आणि आज तू फोन केलास तो बोर्डवर, आणि मला म्हणालास मॅडम. माझं डोकं फिरलं. मनात म्हटलं, ते सहा आठवडे थांबलेत, तूही थांब. आणि माझ्या सगळ्यात गोड आवाजात म्हणाले, "कृपया थांबा." कळ दाबली. दिवा लुकलुकायला लागला.

मला दोनच मिनिटं थांबवायचं होतं. देवाशपथ दोनच. पण दोनाची पाच झाली, आणि पाच मिनिटांनी परत यायला मला तोंड उरलं नाही. काय म्हणणार होते, थांबल्याबद्दल आभार? मी दुसरे फोन घेत राहिले. एक्स-रे विभाग, औषधांचं दुकान, कोणाच्या तरी बाळंतिणीची चौकशी. सगळ्यांशी मी किती सभ्य बोलत होते! नऊ नंबर समोर लुकलुकत होता. तीन वाजून सहा मिनिटांनी तो आपोआप विझला. एकवीस मिनिटं, खारू. जिने तीन मिनिटांसाठी एका पोरीला रडवलं होतं, तिची एकवीस मिनिटं.

पाळी संपल्यावर वर गेले. बाबांनी विचारलं, "फोन?" मी म्हटलं, "आला होता. लाईन गेली."

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्याशी तीस वर्षं संसार केलेला माणूस. म्हणाले, "लाईन जात नसते. तू घालवलीस. परत लाव."

मी म्हटलं, "उद्या लावते."

सकाळी सात वाजता ते गेले.

दारात तू नाडी बांधत होतास आणि विचारलंस, "त्या दिवशी दुपारी बोर्डवर कोण होतं गं?" खरं सांगायची एवढी मोठी संधी मला कोणी दिली नसती. मी म्हटलं, "नवीन बाई होती."

बस्स. एवढंच आहे. तुझ्या बाबांनी मला सांगितलेली शेवटची गोष्ट 'परत लाव' ही होती, आणि मी अकरा वर्षं ती केली नाही. ही पत्रं म्हणजे तेच आहे. उशिरा का होईना, परत लावतेय. तू उचलायलाच हवंस असं नाही.

आई


३० एप्रिल

खारू,

चार आठवडे झाले. पोस्टमन आता मला लांबूनच हाताने नाही म्हणून खुणावतो.

तू लिहिणार नाहीस असं मी धरून चालते. म्हणून राहिलेलं एक सांगून टाकते. क्षमा मागायला त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. कोणाला धक्का लागला, वाट हवी असली, तर 'उर्शेक्ता'. दुसरा 'फोर्लोत'. तो लहान गोष्टींनाही चालतो, पण मोठ्या गोष्टीला पहिला पुरत नाही, तिथे हाच लागतो. मी विचारलं, रूप कोणतं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज्ञार्थ. क्षमा कर."

म्हणजे चूक मी केली आणि हुकूमही मीच सोडायचा. आपल्या भाषेतही तसंच आहे म्हणा, माफ कर. इतकी वर्षं म्हटलं नाही म्हणून कधी लक्षातच आलं नाही. तिकडे खिडकी उघडायला सांगताना जागा ठेवतात, आणि इथे, जिथे समोरच्याला नाही म्हणायचा खरा हक्क आहे, तिथे सरळ आज्ञा. मला वाटतं, इथे माणसाला अदब सांभाळायला त्राण नसतं. तो फक्त मागतो.

फोर्लोत, खारू.

हातमोजे वेगळ्या पाकिटातून पाठवलेत. या वेळी निळे आहेत. करंगळी मी वाकडीच विणलीय, जशी कागदावर होती तशी. दाढ काढली. दुखलं नाही.

आई


१६ मे

गाढवा,

पत्र मिळालं. दवाखान्यात बसूनच फोडलं, कारण जिना चढायचा धीर नव्हता. डॉक्टरीणबाईंनी एका माणसाच्या तोंडात कापूस ठेवला आणि मला पाणी आणून दिलं.

अर्धं पान लिहिलंयस, पण मी ते इतक्यांदा वाचलंय की मला तुझ्या खाडाखोडीही पाठ आहेत. तरी मी ते इथे उतरवून काढते. मला स्वतःच्या हाताने लिहून बघायचंय, म्हणजे खरं वाटेल.

'आई, तू नमस्कार म्हणालीस तेव्हाच मी तुला ओळखलं होतं. मॅडम मी मुद्दाम म्हटलं. आई म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, कधी येतोस, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. रजा मिळत होती. बाबांना तसं बघायची माझी हिंमत नव्हती, म्हणून पुढचा महिना, पुढचा महिना करत होतो. लाईनवर थांबलो तेव्हा कोणी जोडून देत नाहीये याचं मला बरंच वाटत होतं. शेवटी फोन मी ठेवला. लाईन तू घालवली नाहीस, मी ठेवली. दारात विचारलं ते तू सांगावंस म्हणून. तू सांगितलं असतंस तर मीही सांगणार होतो. तू नवीन बाई म्हणालीस आणि मी सुटलो. मग त्या सुटण्याचीच इतकी लाज वाटली की तुझ्याशी बोलता येईना. रविवारी सकाळी तुझ्या अकरा वाजता फोन करतो. तिला तुझ्याशी बोलायचंय.'

अरे, अकरा वर्षं मला वाटत होतं की तू तिकडे दाताखाली माझं नाव धरून बसलायस, आणि तू तिकडे सुटल्याची लाज धरून बसला होतास! आपण दोघं एकाच दोरीची दोन टोकं धरून पाठमोरे बसलो होतो. तुझे बाबा असते तर दोघांच्या कानाखाली वाजवली असती, आधी माझ्या.

तुला हिंमत नव्हती, हे तू मला सांगितलंस. हे मी कुठे ठेवू? तू लहानपणी इंजेक्शन घेताना माझ्या पदरात तोंड खुपसायचास, आणि बाहेर आल्यावर सगळ्यांना सांगायचास, मला दुखलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या दिवशी मी आई म्हणून नाही, निदान ऑपरेटर म्हणून जरी परत आले असते आणि विचारलं असतं, लाईनवर आहात ना, तर तू मला खरं सांगितलं असतंस. आणि मी म्हटलं असतं, ये रे बाबा, आपण दोघं मिळून जाऊ वर.

रविवारी नुसता फोन कर, तो चेहरा दाखवायचा प्रकार नको. मला माणसं आवाजाने कळतात. चेहरे मागाहून बघू.

आई


२५ मे

खारू,

तू काल फोनवर होतासच, तरी लिहिते. बोर्डवर आम्ही प्रत्येक लांबच्या फोनची नोंद ठेवायचो. फोन जोडला की नाही, हे पलीकडच्याला ठाऊक असलं तरी आमच्या वहीत लागायचंच. आणि माझ्या खोलीत काय झालं ते तुला कुठे दिसलं?

दहा वाजल्यापासून मी खुर्ची टेलिफोनपाशी ओढून बसले होते. डॉक्टरीणबाई सुट्टीच्या दिवशी वर आल्या होत्या, सोबतीला. म्हणाल्या, अडलं तर मी आहे. मी कागदावर नऊ वाक्यं लिहून ठेवली होती, मोठ्या अक्षरात. पहिलं टाक फोर सेनास्त. शेवटचं जेवायला काय केलंस. नवी साडी नेसले होते. फोनसाठी, हो! हसलास तर बघ.

अकरा वाजून चार मिनिटांनी घंटा वाजली. मी तिसऱ्या घंटेला उचलते, जुनी सवय. काल पहिलीलाच उचलला. आणि पलीकडून पोरगी, अगदी चोख:

"नमस्कार. कृपया थांबा."

अरे, माझ्या हातातला कागद खाली पडला. नमस्कारनंतर ती थांबली. बरोबर तेवढीच थांबली जेवढी मी थांबते. ती जागा मी मुद्दाम सोडायचे, घाबरलेल्या माणसाला श्वास घेता यावा म्हणून. ती कोणाला शिकवता येत नाही, मी आठ मुलींना शिकवायला गेले आणि एकीलाही जमली नाही. मग ती पुढे म्हणाली, "आपला फोन आमच्यासाठी महत्ताचा आहे." आणि मागून तुझा आवाज आला, हसू दाबलेला, "आई, आपल्या भाषेतलं तिला एवढंच येतं गं. हॉस्पिटलचा नंबर लावून देतो मी तिला, दर रविवारी. दोन वर्षं झाली. म्हणते, फारमोरशी बोलायचं."

दोन वर्षं, खारू! मी इथे जबड्यासमोर बसून ओठ पुढे काढत होते, आणि तुम्ही दोघं तिकडे माझा आवाज लावून ऐकत होतात. यंत्राने माझा आवाज गिळला म्हणून मी गावभर कुरकुरत होते. तो तुझ्या घरी येत-जात होता आणि मलाच पत्ता नाही.

मग ती स्वीडिशमधून भराभर काहीतरी म्हणाली. मला त्यातलं 'वान्तार्ना' तेवढं कळलं, हातमोजे. टक्‌ करून फोन खाली ठेवल्याचा आवाज आला आणि धावत गेलेली पावलं. तूही तिच्या मागे गेलास वाटतं. तुमची जमीन लाकडाची आहे का रे? पावलं छान वाजत होती. मग कुठेतरी खण ओढला. मग काहीच नाही.

डॉक्टरीणबाई कुजबुजल्या, "काकू, कट झाला का?"

मी म्हटलं, "नाही. मला थांबवलंय."

भिंतीवरच्या घड्याळात मी एक मिनिट मोजलं. दोन मिनिटं. तीन. त्यांनी कागद उचलून माझ्या मांडीवर ठेवला. फोनमधून तुमच्या घराची शांतता येत होती, तीही मी नीट ऐकून घेतली. पलीकडे कोणी नव्हतं, म्हणून मी जरा धीर केला आणि पहिलं वाक्य म्हणून बघितलं, "टाक फोर सेनास्त." डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. उच्चार बरोबर होता.

तेवढ्यात पावलं परत आली, आणि तू धापा टाकत म्हणालास, "आई? लाईनवर आहेस ना?"

"आहे रे," मी म्हटलं. "थांबलेय."

आई